आपल्यावाली डर्बी

मँचेस्टर-लिव्हरपूल झालं, बार्सा-रिअल झालं. पण अमरावती-अकोला कबड्डी मॅच कधी पाह्यली का? वऱ्हाडातल्या कॉलेजच्या दिवसांतल्या सगळ्यात कडक पंग्याची ही गोष्ट.

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी जरा कान देऊन बघा. वीकेण्डच्या मॅचचं पोस्टमॉर्टेम चाललेलं असतं. जो कधी विमानतळाच्या पलीकडे गेला नाही, तोही 'आमचा डिफेन्स' असं म्हणून इंग्लंडातल्या क्लबबद्दल हळहळत असतो. या घोळक्यात एखादा गडी मात्र शांतपणे कॉफी ढवळत उभा असतो. त्याला सहज विचारा, ''तू कुठला रे?'' तो म्हणेल, ''अमरावती.'' आणि तेवढ्यात शेजारच्या क्युबिकलमधून आवाज आला, ''आपण अकोल्याचे,'' तर समजून जा, आता पुढची वीस मिनिटं काम बंद! कपाशीचा भाव कुठे चांगला, आलूबोंडा कुणाचा झणझणीत, उन्हाळा कुणाचा जास्त कडक (हो, यातही चुरस आहे!) असं करत करत गाडी एकाच स्टेशनवर येते. कॉलेजची कबड्डी.

मग बघा चेहरे कसे खुलतात ते. ''काहून बे, तुमच्या पोट्ट्यांवर लोण चढला होता, विसरला का?'' ''हौ, अन् पंच कोनाचा होता थे पन सांग न!'' वर्षं कितीही उलटोत, हा हिशेब काही क्लोज होत नाही.

हाताने खेळतात तो फुटबॉल!

कॉलेजांमधली खुन्नस जपावी तर ती अमेरिकेतल्या लोकांनी. हार्वर्ड आणि येल या दोन युनिव्हर्सिट्या १८७५ पासून एकमेकींशी फुटबॉल खेळतायत, आणि या मॅचला त्यांनी नाव काय दिलंय, तर नुसतं 'द गेम'! जगात दुसरा कुठला गेम जणू नाहीच. यातली सगळ्यात गाजलेली मॅच झाली २३ नोव्हेंबर १९६८ ला. दोन्ही टीम त्या सीझनमध्ये एकही मॅच न हरलेल्या. येल आरामात पुढे होती. पण शेवटच्या ४२ सेकंदांत हार्वर्डने १६ पॉइंट काढले आणि स्कोअर झाला २९-२९. मग हार्वर्डच्या पोरांच्या पेपरने हेडलाइन छापली, 'हार्वर्डने येलला २९-२९ ने हरवलं'! यालाच म्हणायचं खुन्नस. पुढे हॉलिवूडमध्ये नाव काढलेला टॉमी ली जोन्स त्या दिवशी हार्वर्डकडून खेळत होता, आणि २००८ मध्ये या मॅचवर एक अख्खा माहितीपटही निघाला.

आता गंमत बघा. अमेरिकेतला हा फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात! अंगाला अंग भिडवायचं, समोरच्याच्या हद्दीत घुसायचं आणि ते सगळे मिळून तुम्हाला जमिनीवर आपटणार. ओळखीचं वाटतंय ना? बॉल तेवढा काढून टाका आणि दम घ्या, म्हणजे झाली आपली कबड्डी. म्हणून 'द गेम'चा वऱ्हाडी चुलतभाऊ शोधायचा तर फुटबॉलच्या गोलपोस्टपाशी जाऊ नका. मातीवर चुन्याने आखलेल्या १३ बाय १० मीटरच्या चौकटीपाशी या.

फरक एकच, पण मोठा. हार्वर्ड-येलची मॅच दरवर्षी नोव्हेंबरात ठरलेली असते. आपल्या मॅचला ठरलेली तारीख नाही. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागणार, कॉलेजेस आपापल्या झोनमधून जिंकून येणार, ड्रॉ निघणार आणि मग कुठेतरी सेमीफायनलला किंवा फायनलला अमरावतीचं कॉलेज अकोल्याच्या कॉलेजसमोर येणार. येईल की नाही याची गॅरंटी नाही, आणि म्हणूनच आली की भडका!

नागपूर सुटलं, पंगा सुरू झाला

खरं तर ही दोन गावं तशी सख्खी. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू… बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. भाषा तीच, 'सांबार' म्हटलं की दोन्हीकडे कोथिंबीरच मिळणार, आणि पाहुण्याला रोडगे-वांग्याची भाजी खाऊ घातल्याशिवाय दोन्हीकडे सोडणार नाहीत. मग भांडण कशाचं?

भांडणाचं एक कारण म्हणजे विद्यापीठ. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं आणि पोरांच्या तोंडी 'व्हीएमव्ही' म्हणून रुळलं. त्यानंतरची साठ वर्षं वऱ्हाडातली कॉलेजं नागपूरच्या छत्राखाली होती. तेव्हा अमरावती असो की अकोला, हरवायचं होतं ते नागपूरला. शत्रू एक असला की भाऊ-भाऊ गोडीने राहतात, हा जगाचा नियम आहे.

मग १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. आज तेच संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ त्यात आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा निघाला आणि जिल्हे झाले पाच. नागपूर मैदानातून बाहेर गेलं. मग आता हरवायचं कुणाला? समोर उरले ते आपलेच! वर विद्यापीठाचं ठाणं अमरावतीत. म्हणजे अकोल्याच्या पोरांनी प्रत्येक कागदासाठी, प्रत्येक रीचेकिंगसाठी अमरावतीची बस पकडायची. त्यावर अकोलेकरांचं ठरलेलं उत्तर असतं, ''कृषी विद्यापीठ आमच्याकडे हाय!'' हे खरंच आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे.

पण इथेच खरी मजा आहे. ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे ते भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या पापळला. आणि अमरावतीतलं ते प्रसिद्ध ब्रिजलाल बियाणी विज्ञान महाविद्यालय? ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं त्या 'विदर्भकेसरी' बियाणींचं कर्मक्षेत्र अकोला! म्हणजे अमरावतीच्या माणसाचं नाव अकोला अभिमानाने मिरवतं आणि अकोल्याच्या माणसाचं नाव अमरावती. पंगा घ्यायचा तो असा, एकमेकांच्या घरातल्या फोटोंना हार घालून!

बर्लिन रिटर्न

कबड्डीच का, क्रिकेट का नाही? याचं उत्तर अमरावतीच्या मातीत आहे. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. अख्ख्या विदर्भात त्याची ओळख चार अक्षरांची, एचव्हीपीएम. या मंडळाची टीम १९३६ मध्ये थेट बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेली आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्यात कबड्डीही होती. जेसी ओवेन्सने चार गोल्ड मेडल मारली ते हेच ऑलिम्पिक. जरा इमॅजिन करा, स्पॉन्सर नाही, आणि आपली वऱ्हाडातली मंडळी बोटीने जाऊन युरोपला हुतूतू दाखवून आली!

तेव्हापासून अमरावतीच्या पोराच्या चालीत एक वेगळाच ताठा आहे. त्यात मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज. बाकीच्या कॉलेजांची पोरं सकाळी फिजिक्सचं प्रॅक्टिकल उरकून संध्याकाळी ग्राउंडवर यायची, आणि समोर उभी टीम अशी की ग्राउंड हाच तिचा वर्ग. अकोल्याकडून दरवर्षी एकच तक्रार ऐकू यायची, ''अरे, यायचा सिलॅबसच कबड्डी हाय, मग हरवावं कसं?'' पण म्हणूनच हरवल्यावरची मजा काही औरच. डिग्रीला कबड्डी असलेल्यांवर बी.कॉम.च्या पोट्ट्यांनी लोण चढवला तर अकोल्यात दिवाळी दोनदा व्हायची!

दुसरीकडे कबड्डी आखाड्यातून कॉलेजात आली आणि पोरांपुढे एक शिडी उभी राहिली. १९६१ मध्ये तिला देशाच्या आंतरविद्यापीठ खेळांत जागा मिळाली. कॉलेजकडून खेळा, मग विद्यापीठाकडून, मग वेस्ट झोन, मग ऑल इंडिया. गावच्या जत्रेतला खेळ आता तुम्हाला रेल्वेचं तिकीट देत होता.

शिवाजी विरुद्ध शिवाजी

या डर्बीतला सगळ्यात धमाल प्रकार कुठला? पंजाबरावांनी अमरावतीत १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिची कॉलेजं अमरावतीत आहेत, तशी अकोल्यातही. अकोल्याचं शिवाजी कॉलेज १९५४ चं. म्हणजे ड्रॉमध्ये हे दोन समोरासमोर आले की संस्था एक, नाव एक आणि महाराजही एकच! घोषणा द्यायची तर कुठली? नुसतं नाव घेऊन भागत नाही, मागे गावाचं शेपूट लावावंच लागतं. घराण्यातल्या दोन चुलतभावांची लढत म्हणा ना. बाहेरच्याला वाटतं प्रेमाने खेळतील. ज्याला चुलतभाऊ आहेत त्याला खरं काय ते ठाऊक असतं.

अकोल्याचं सीताबाई, आरएलटी, इकडे व्हीएमव्ही, बियाणी… प्रत्येकाची वेगळी खुन्नस. पण एकदा गाव विरुद्ध गाव झालं की ही सगळी पोटभांडणं बाजूला. आपल्या कॉलेजचा निकाल पहिल्याच राउंडला लागलेला असला तरी पोरगं टपरीवरून उठून मॅचला हजर. 'आपल्या गावाची टीम आहे,' बस्स, एवढं कारण पुरे.

दम, दम आणि दम

मॅच शक्यतो दिवाळीच्या आगेमागे. पाऊस थांबलेला, हवा कोरडी, माती पाणी मारून बसवलेली. पाहुण्यांची टीम आदल्या रात्री एसटीने यायची. वळकट्या घेऊन एखाद्या वर्गातच मुक्काम, बेंच बाजूला सारून सतरंजीवर झोप. सकाळी पोहे-तर्री किंवा गिलावडा, पण ज्याला खेळायचंय त्याला सर एकच प्लेट देणार. दुसरी मागितली की नजर!

दुपारी चारच्या सुमारास पब्लिक जमायला लागायचं. खुर्च्या असल्याच तर पाहुण्यांना, बाकी सगळे चुन्याच्या रेषेपासून दोन हातांवर. इथे ना स्टॅण्ड ना जाळी. रेडर बाहेर फेकला गेला तर थेट पहिल्या रांगेतल्याच्या मांडीवर! त्यामुळे प्रेक्षक नावाची वेगळी जमातच नाही, सगळेच मॅचमध्ये. रेडर मध्यरेषेवर हात टेकतो, कपाळाला माती लावतो आणि आत शिरतो. त्या तीस सेकंदांत ग्राउंड शांत. कोपऱ्यातल्याने चवडा धरला, कव्हरवाला आडवा आला, साखळी पडली अंगावर… आणि तरी एक हात सरपटत रेषेपर्यंत पोचलाच, तर? अर्धं ग्राउंड हवेत, अर्धं पंचांच्या अंगावर!

वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांचा डाव. जगातलं कुठलंही पेनल्टी शूटआऊट यापुढे पाणी भरेल. पेनल्टीला बॉल हुकतो, इथे माणूस अडकतो. आणि हरलेल्या टीमला त्याच संध्याकाळी त्याच रस्त्याने शंभर किलोमीटर परत जायचं असतं. जिंकलेली बस गाते, हरलेली बस मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलत नाही. तिथे चहाला थांबली की कुणीतरी पहिला जोक मारतो, आणि मग पुढच्या वर्षीच्या टीमची चर्चा सुरू.

पोट्ट्याही कमी नाहीत

ही गोष्ट फक्त पोरांची नाही, बरं का. मुलींच्या मॅचला पब्लिक कमी असेल, पण खुन्नस डबल. कारण पोरीसाठी टीममध्ये सिलेक्शन म्हणजे फक्त खेळ नव्हता. सातच्या आत घरात यायचं, या घरच्या नियमातून मिळालेली ती एकमेव ऑफिशियल सुट्टी होती. घरी मॅडमचा फोन यायचा, वडील 'कोन कोन हाय संग?' असं तीनदा विचारायचे आणि मग परवानगी. मैत्रिणींबरोबर दुसऱ्या गावात एक रात्र, पहाटे ग्राउंडवर वॉर्मअप, हरल्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडणं. ट्रॅकपॅण्ट घालून गावातून चालत जाणं हीच तेव्हा केवढी मोठी रेड होती!

२०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी वर्ल्डकप भारताने जिंकला तेव्हा त्या टीममध्ये अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. त्या दिवशी वऱ्हाडातल्या कित्येक संसारी बायकांनी टीव्हीसमोर बसून मनातल्या मनात दम घेतला असेल.

कोटाची किंमत

या सगळ्यामागे एक कोट असायचा. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली की मिळणारा 'कलर कोट', आणि तो मिळवणारा 'कलर होल्डर'. लग्नाच्या बायोडेटात डिग्रीच्या खालची ओळ हीच! शेतकऱ्याच्या, हमालाच्या, शिक्षकाच्या पोराच्या अंगावर आलेला पहिला कोट बऱ्याचदा हाच असायचा. आणि तो नुसता मिरवायचा नव्हता. २००५ मध्ये राज्य सरकारने गुणवंत खेळाडूंसाठी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आणलं आणि खेळाच्या सर्टिफिकेटचं वजन एकदम वाढलं. पोलीस भरती, रेल्वे, बँक… ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ, तिथे घोट्याची एक पक्की पकड अख्ख्या घराचं नशीब पालटू शकत होती.

म्हणून ती खुन्नस एवढी खरी होती. फायनलच्या त्या चाळीस मिनिटांत विद्यापीठाचे सिलेक्टर समोर बसलेले असायचे. दोन गावांतून चौदा पोरं मातीत, आणि कोट मोजके.

माती गेली, मॅट आली

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपला हुतूतू प्राइमटाइमला गेला. लाइट्स, म्युझिक, लिलाव. २०१८ मध्ये मोनू गोयतला दीड कोटीच्या वर बोली लागली. जकार्ताच्या एशियाडला त्याच वर्षी इराणने आपल्याला हरवलं तेव्हा तर हा खेळ आता खरंच जगाचा झाला हे कळलं. चांगलंच झालं की! पण टीव्हीवर कुणाला सपोर्ट करायचा? वऱ्हाडची टीम तिथे नाही. पुणे म्हणावं तर जीभ अडखळते!

आणि दोन गावांचं काय? ती एव्हाना एकाच ड्रेसिंगरूममध्ये पोचलीत. २०२३ च्या आयपीएलमध्ये अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे एकाच पंजाबच्या जर्सीत खेळत होते. एवढंच काय, दोन गावांमधला रस्ताही गिनेस बुकात गेला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाली. ज्या रस्त्याच्या खड्ड्यांत हरलेल्या टीमची हाडं दुसऱ्यांदा मोजली जायची, त्याच रस्त्यावर वर्ल्ड रेकॉर्ड!

खेळाडू आहेत, पब्लिक कुठाय?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आजही होतात. पोरं आजही घाम गाळतात, कलर कोट आजही मिळतो. बदललाय तो रेषेबाहेरचा सीन. सेमिस्टरमुळे परीक्षा वर्षभर मानगुटीवर. कॉलेजात नाव घालून पोरं क्लासला बसतात. आणि बारावी झाली की बॅगा भरून पुण्याला. म्हणजे आपण! वऱ्हाडातून निघालेलो आपण सगळे, जे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून जुन्या मॅचेसच्या गप्पा मारतो.

हार्वर्ड-येलची मॅच दीडशे वर्षं टिकली ती काही खेळाडूंमुळे नाही. खेळाडू तर चार वर्षांत पास होऊन जातात. ती टिकली परत येणाऱ्या माणसांमुळे. केस पांढरे झालेले लोक जुना मफलर गुंडाळून नोव्हेंबरच्या थंडीत येऊन बसतात आणि अठरा वर्षांच्या पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. खुन्नस जपावी लागते, बॉस. आठवणीत ठेवून ती जपली जात नाही, तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

आपण दिवाळीला घरी जातोच. फराळ, किराणा, दोन लग्नं, एक साखरपुडा. त्यातली एक संध्याकाळ कॉलेजच्या ग्राउंडला द्यायला काय हरकत आहे? स्पोर्ट्सच्या सरांना एक फोन करा, मॅच कधी ते विचारा. वीस जण मिळून टीमला एक किट द्या, नाहीतर नुसते जाऊन रेषेवर उभे राहा. समोर खेळणाऱ्या पोराला कळू दे की हे गाव सोडून गेलेलेही त्याच्यासाठी येतात.

जाताना गाडी तीच पकडा, मुंबईहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस. एकाच डब्यात दोन्ही गावांची माणसं, रात्रभर तोच वाद. सकाळी अकोला आलं की अकोलेकर बॅग उचलत म्हणणार, ''पाह्य, गाव आमचं पह्यले येते.'' आणि अमरावतीकर वरच्या बर्थवरून डोळेही न उघडता म्हणणार, ''हौ न बाप्पा. पन गाडीवर नाव कोनाचं हाय?''

चौकट : डर्बीची डिक्शनरी

दम : 'कबड्डी कबड्डी'चा न तुटणारा जप. तुटला की तुम्ही बाद. ऑफिसात याला 'प्रेझेंटेशन' म्हणतात.

लोण : समोरची अख्खी टीम बाद, वर दोन पॉइंट जास्तीचे. चढवणाऱ्याला आयुष्यभर पुरतो, चढलेल्यालाही.

चवडा काढणे : रेडरचा पाय पकडून त्याला तिथेच गाडणे. कोपऱ्यातल्या खेळाडूची खासियत.

हनुमान उडी : पकडायला आलेल्याच्या डोक्यावरून झेप. अमरावतीत याला नाव वेगळं असूच शकत नाही!

बोनस : सहा किंवा सात जण मैदानात असताना बोनस रेषा ओलांडली की फुकटचा पॉइंट. आपल्या वार्षिक बोनसपेक्षा जास्त भरवशाचा.

कलर होल्डर : विद्यापीठाकडून खेळलेला. वय कितीही होवो, ओळख करून देताना हे आधी सांगायचं, हुद्दा नंतर.